लिगामेंट की टेंडन: नेमकं दुखावलंय काय?

घोटा मुरगळला की ‘लिगामेंट गेलं’ म्हणतात, टाचेच्या मागे दुखलं तरी ‘लिगामेंटच असेल’ म्हणतात, आणि बरेच जण दोन्हींना ‘शीर’ म्हणून मोकळे होतात. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही पांढरट आणि चिवट, दोन्ही मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची, दोन्हींना रक्तपुरवठा बेताचाच. फरक जोडणीत आहे. लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, एक हाड दुसऱ्या हाडाशी बांधतं. टेंडन, म्हणजे स्नायुरज्जू, स्नायूला हाडाशी जोडतं. इजा कशी होते, ती ओळखायची कशी आणि भरून यायला काय लागतं, हे सगळं या एका फरकावर ठरतं.

स्नायूला फक्त आखडता येतं, ढकलता येत नाही. दंडाच्या पुढचा बायसेप्स आखडला की त्याचं टेंडन कोपराच्या पुढून जाऊन अंगठ्याच्या बाजूचं हाड ओढतं आणि कोपर वाकतं. ते सरळ करायला दंडामागचा ट्रायसेप्स लागतो. या सगळ्यात कोपराच्या दोन्ही कडांची लिगामेंट्स काहीच ओढत नाहीत. सांधा आडवा उघडू नये, एवढंच ती पाहतात. म्हणून टेंडनमधले तंतू बहुतेक एकाच दिशेने, ओढीच्या रेषेत असतात. लिगामेंटमधले थोडे तिरके, एकमेकांना छेदणारे, कारण ताण कुठल्या कोनातून येईल याचा नेम नसतो.

हे स्वतःच्या हातावर पाहता येतं. तळहात वर करून एकेक बोट वाकवा आणि नजर मनगटाच्या वर, कोपराकडे ठेवा. हालचाल तिथे दिसेल. बोटांच्या पेरांमध्ये स्नायू नसतातच. पेरं वाकवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात, आणि सायकलच्या ब्रेकच्या केबलसारखी त्यांची टेंडन्स मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. आता अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट किंचित पुढे वाकवा. बहुतेकांच्या मनगटावर मधोमध एक दोरी उठून दिसते. ते पामारिस लाँगस या स्नायूचं टेंडन. काहींना तो स्नायू जन्मतःच नसतो आणि पकडीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. शरीरात दुसऱ्या ठिकाणी टेंडन बसवायचं असेल तर सर्जन अनेकदा हेच काढून घेतात.

दुखावलंय काय, हे ओळखायला एक प्रश्न फार कामाचा आहे: हालचाल कोण करतंय? स्नायूला जोर लावायला सांगितला, सांधा जागचा हलू दिला नाही, आणि तरी दुखलं, तर संशय टेंडनवर किंवा स्नायूवर. उलट अंग सैल सोडून दुसऱ्याने सांधा हलवला आणि ठरावीक दिशेला ताणल्यावरच दुखलं, तर संशय लिगामेंटवर. कसोटी शंभर टक्के नाही. सूज जास्त असली की सगळंच दुखतं. अशा वेळी चार-पाच दिवसांनी पुन्हा केलेली तपासणी पहिल्या दिवशीच्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जाते.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे चेंडू बोटाच्या टोकावर आदळल्यानंतर होणारी इजा. शेवटचं पेर खाली लोंबतं. दुसऱ्या हाताने उचललं तर सहज सरळ होतं, सोडलं की पुन्हा पडतं. सांधा ठीक आहे, पण तो सरळ करणारं टेंडन टोकापाशी तुटलंय किंवा हाडाचा बारीक तुकडा घेऊन निघालंय. यावर बहुधा स्प्लिंट, म्हणजे पेर सरळ धरून ठेवणारा आधार, पुरतो, मात्र साधारण 6 ते 8 आठवडे रात्रंदिवस. धुण्यापुरता काढतानाही पेराला खालून आधार हवा. मध्येच ते एकदा जरी वाकलं तरी जुळत आलेली टोकं सुटतात आणि मोजणी पहिल्या दिवसापासून करावी लागते. बहुतेक बोटं इथेच बिघडतात.

घोट्याचं उलट आहे. पाऊल आतल्या बाजूला वळलं की बाहेरच्या बाजूच्या तीन लिगामेंट्सपैकी सर्वांत पुढचं आधी ताणतं किंवा फाटतं. पहिला प्रश्न हाड मोडलंय का, हा. घोट्याच्या दोन्हीपैकी कुठल्याही बाजूच्या उंचवट्याची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर हाडावरच दुखत असेल, किंवा इजेनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचाच. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेतल्या हाडाच्या मागच्या टोकावर दुखत असेल तरीही. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे काही झालेलं नाही, असं समजू नका.

पहिले दोन-तीन दिवस शेक आणि जोरात चोळणं टाळा. दोन्हींनी सूज वाढते. पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, आणि दुखणं सोसेल तितका भार हळूहळू द्या. लिगामेंटमध्ये सांधा कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारे मज्जातंतूही असतात. ते दुखावले की सूज उतरल्यावरही घोटा ‘फसतो’, आणि तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. म्हणून एका पायावर 30 सेकंद उभं राहण्याचा सराव हवा: आधी डोळे उघडे ठेवून, जमलं की मिटून, भिंत हाताशी ठेवून. हा भाग लोक सर्रास सोडून देतात.

गुडघ्यात तर दोन लिगामेंट्सचं नशीब वेगवेगळं असतं. आतल्या कडेचं लिगामेंट फाटलं तर बहुतेकदा ब्रेस आणि व्यायामावर भरून येतं. सांध्याच्या मधोमध असलेलं एसीएल (अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट) पूर्ण तुटलं तर आपोआप नीट जुळणं अवघड असतं. ते सांध्यातल्या द्रवात असल्यामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची टिकाऊ गाठ धरत नाही. ऑपरेशन केलं तर तिथे बहुधा मांडीच्या मागचं किंवा वाटीखालचं टेंडन बसवतात. काही महिन्यांत त्या टेंडनची रचना बदलत जाऊन लिगामेंटसारखी होते. ज्या दिशेने ताण मिळेल तशी ही ऊती घडते, याचा याहून चांगला पुरावा शरीरात सापडणार नाही.

टेंडनचं दुखणं मात्र बहुधा एका झटक्यात येत नाही. टाचेमागचं अ‍ॅकिलिस टेंडन घ्या: सुमारे 15 सेंटिमीटर लांब, आणि टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वरचा त्याचा भाग सर्वांत नाजूक. धावणं अचानक वाढवलं की तिथे सकाळी उठल्यावर ताठरपणा येतो, चालल्यावर कमी होतो. पूर्ण विश्रांतीने दुखणं थांबतं, पण टेंडन भाराला तयार होत नाही, आणि धावायला लागताच पुन्हा तेच. त्याला मोजून दिलेला भार हवा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहा, चांगल्या पायाच्या जोरावर वर जा आणि दुखऱ्या पायावर सावकाश टाच खाली उतरवा: 15 वेळा, 3 फेऱ्या, दिवसातून दोनदा, 12 आठवडे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे. थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताठरपणा वाढला तर भार कमी करा. दुखणं टाचेच्या हाडालगत असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच व्यायाम करा.

पोटरीत मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, खाडकन आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवा. पालथं झोपवून, पावलं पलंगाबाहेर ठेवून पोटरी दाबली की निरोगी पायाचं पाऊल तळव्याच्या दिशेला झुकतं. दुखऱ्या पायाचं पाऊल हललं नाही तर टेंडन तुटलेलं धरून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन चालू असेल, किंवा नुकतंच संपलं असेल, तर तेही सांगा: या गटातली अँटिबायोटिक्स टेंडन कमकुवत करू शकतात, आणि साठीपुढच्या व स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत हा धोका जास्त असतो.