फोन आपल्या पाळीआधी का बोलतो

ज्यांच्या घरी कॉम्प्युटरला जोडलेले दोन स्पीकर होते आणि शेजारी टेबलावर साधा टूजी मोबाइल पडलेला असायचा, त्यांना ती टरटर नक्की आठवत असेल. रिंग वाजायच्या क्षणभर आधी स्पीकरमधून 'टिर्र-टिक-टिक-टिर्र' असं काहीतरी उमटायचं. आमच्याकडे आई स्वयंपाकघरातूनच सांगायची, "अरे, फोन येतोय बघ." आणि खरोखर यायचा.

ती टरटर म्हणजे फोन आपली पाळी साधत होता, त्याचा आवाज होता. रेडिओलहरी आपल्याला ऐकू येत नाहीत. पण फोनचा ट्रान्समीटर सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होत होता, आणि त्या धक्क्यांचा ताल स्पीकरच्या वायरी पकडत होत्या. २१७ हा आकडा कुठून आला, हे पाहिलं की सगळी व्यवस्थाच उलगडते.

युरोपात ठरलेल्या आणि १९९१ मध्ये फिनलंडमध्ये पहिल्यांदा वापरात आलेल्या जीएसएम या टूजी मोबाइलच्या पद्धतीत रेडिओलहरींचा २०० किलोहर्ट्झ रुंदीचा एक पट्टा आठ जणांना मिळून वापरायला देतात. जुलै १९९५ मध्ये पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल कॉल केला, तोही याच पद्धतीवर. आठ जण, आठ टाइम स्लॉट, म्हणजे बोलायच्या आठ पाळ्या. एक स्लॉट ५७७ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाहून जरासा मोठा. आठ स्लॉटांची एक फेरी ४.६ मिलिसेकंदांत पुरी होते आणि पुन्हा पहिल्याची पाळी येते. एका सेकंदात अशा २१७ फेऱ्या. आपला फोन त्यातल्या प्रत्येक फेरीत एकदाच तोंड उघडतो आणि उरलेले सात अष्टमांश वेळ गप्प राहतो.

मग बोलणं तुटक का ऐकू येत नाही? कारण आपला आवाज आहे तसा जातच नाही. फोन २० मिलिसेकंदांचं बोलणं गोळा करतो, ते २६० बिट्समध्ये दाबून बसवतो, वाटेतल्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून त्यात भर घालून ४५६ बिट्स करतो आणि त्यांचे आठ तुकडे आठ वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये वाटून टाकतो. एखादी पाळी वाटेत बिघडली तर त्या २० मिलिसेकंदांचा आठवा हिस्साच जातो, आणि तो बाकीच्यांवरून भरून काढता येतो. हे तुकडे विखरून पाठवणं मला या सगळ्यातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

वेळ वाटून घ्यायची युक्ती मोबाइलहून फार जुनी आहे. फ्रान्सच्या तार खात्यातल्या एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये एका तारेवर अनेक कारकुनांनी एकाच वेळी काम करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. दोन्ही टोकांना एकाच गतीनं फिरणारे ब्रश, आणि ब्रश ज्याच्या भागावरून जाईल त्याची त्या क्षणापुरती तार. कारकुनाच्या पुढ्यात पाच कळा. त्याची पाळी आली की यंत्र टक् असा आवाज करायचं, आणि त्या ठेक्यावरच कळा दाबाव्या लागत. संदेश पाठवायच्या वेगाचं 'बॉड' हे एकक त्यांच्याच नावावरून आलं.

बोदोंचे कारकून निदान एकाच खोलीत बसलेले असत. मोबाइलवाले मात्र गावभर विखुरलेले, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आपल्याकडे भावाभावांत विहीर सामाईक असते आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. विहिरीलगतच्या वावरात पाणी लगेच पोचतं, लांबच्या वावरात पाटानं जायला वेळ लागतो. मग पाळी मोजायची ती विहिरीवरच्या घड्याळानं की वावरातल्या? टॉवरपुढे हाच प्रश्न असतो. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. वेग अफाट खरा, पण इथे एक बिटच ३.७ मायक्रोसेकंदांचा आहे. टॉवरपासून ३० किलोमीटरवरच्या फोनपर्यंत टॉवरची इशारत १०० मायक्रोसेकंद उशिरा पोचते, आणि त्याचं उत्तर परत यायला आणखी १०० लागतात. दोन पाळ्यांमध्ये मोकळी ठेवलेली फट जेमतेम ३० मायक्रोसेकंदांची. म्हणजे हा फोन आपल्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर बोलला, तरी टॉवरवर त्याचं बोलणं पुढच्याच्या पाळीत घुसणार.

यावर उपाय असा, की लांबच्या फोननं आधीच बोलायला लागायचं. फोन पहिल्यांदा टॉवरला हाक मारतो तेव्हा टॉवर किती लांब आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून ती हाक मुद्दाम आखूड ठेवलेली असते. ८८ बिट्सची हाक, आणि मागे २५२ मायक्रोसेकंदांची मोकळी जागा, म्हणजे ती बरीच उशिरा पोचली तरी कुणाला धक्का लागू नये. दोघांनी एकदमच हाक मारली तर आवाजात आवाज मिसळतो, मग दोघंही आपापल्या परीनं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतात. हाक किती उशिरा आली हे मोजून टॉवर फोनला ० ते ६३ मधला एक आकडा देतो. इतके बिट आधी सुरू कर, एवढंच त्यात सांगितलेलं असतं.

एका बिटाच्या वेळात लहर ११०० मीटर जाते. जाणं-येणं धरलं तर आकड्यातला एक अंक म्हणजे सुमारे ५५० मीटर अंतर. ६३ अंकांचे होतात ३५ किलोमीटर. साध्या जीएसएम टॉवरची हद्द त्यामुळे ३५ किलोमीटरवर संपते. मधे डोंगर नसला, सिग्नल चांगला असला, तरीही. समुद्रकिनाऱ्यावर किंवा मोकळ्या माळावर याहून लांब पोचायचं असेल, तर प्रत्येकाला एकाऐवजी लागोपाठचे दोन स्लॉट देतात, म्हणजे उशिरा आलेलं बोलणं त्याच्याच जागेत मावतं. किंमत उघड आहे. आठ जणांच्या जागी चारच जण बोलू शकतात.

बोलता बोलता माणूस हलला तर? टॉवर दर ४८० मिलिसेकंदांनी फोनला तो आकडा नव्यानं कळवत राहतो. ताशी साठच्या वेगानं एसटी टॉवरपासून लांब जात असेल, तर साधारण दर अर्ध्या मिनिटाला तो आकडा एकानं वाढतो. खिडकीशी कानाला फोन लावून कुणी घरच्यांशी बोलत असतो, आणि हातातला फोन दर अर्ध्या किलोमीटरला ३.७ मायक्रोसेकंद आणखी आधी बोलू लागतो.