तुमच्या दाखल्याची नोंद कोणत्या वहीत होते?

इंदूरच्या सराफ्यातील आमच्या ग्राहकांसाठी

तुम्ही विकलेल्या चांदीच्या प्रत्येक नगाचा डिजिटल दाखला आम्ही बनवतो आणि त्याचा ठसा (फाइलमधून गणिताने निघणारी छोटी खूण; फाइल जराही बदलली की तीही बदलते) ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक वहीत चढवतो. त्यासाठी आम्ही आर्बिट्रम हे नेटवर्क वापरतो. हल्ली पेढीवर गेलं की एकच विचारणा होते: "याहून वेगवान नेटवर्क आलेत म्हणे, मग तुम्ही आर्बिट्रमच का धरून बसलात?" प्रश्न रास्त आहे.

मूळ वही इथेरियमची. तिथे दर १२ सेकंदांनी एक पान भरतं, जागा मोजकी, म्हणून नोंदीचा दर चढा. आर्बिट्रम, बेस, ऑप्टिमिझम, लिनिया ही दुसऱ्या थरातली नेटवर्क रोजमेळ स्वतःकडे लिहितात आणि तो आटोपशीर करून इथेरियमच्या खतावणीत नेऊन टाकतात. त्यासाठी इथेरियमने १३ मार्च २०२४ ला 'ब्लॉब' नावाची वेगळी, स्वस्त जागा करून दिली. तेव्हापासून या सगळ्यांचेच दर इतके उतरलेत की दरावरून निवड करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

रोजमेळ लिहिणाऱ्याला सिक्वेन्सर म्हणतात. आपल्या बाजारात त्याला मुनीम म्हणू. आर्बिट्रमवर पाव सेकंदात नोंद होते, कारण मुनीम एकटाच आहे, त्याला कुणाला विचारायचं नसतं. गोम तिथेच आहे. १५ डिसेंबर २०२३ ला गर्दी अनावर झाली आणि हाच मुनीम तासाभराहून जास्त वेळ ठप्प होता. जून २०२४ मध्ये लिनियावरच्या एका एक्स्चेंजमध्ये चोरी झाली, तेव्हा आणखी पैसे बाहेर जाऊ नयेत म्हणून चालकांनी नोंदीच थांबवल्या. हेतू चांगला, पण चोराबरोबर बाकीच्यांचीही वही मिटली.

म्हणून आम्ही वेग विचारत नाही. मुनीम अडून बसला तर काय, हे विचारतो. आर्बिट्रमवर आपली नोंद थेट इथेरियमकडे देता येते आणि २४ तासांनंतर मुनिमाला डावलून ती वहीत घालता येते. बेरीज चुकीची मांडली तर अनामत ठेवून कुणीही हरकत घेऊ शकतो. ही मुभा फेब्रुवारी २०२५ पासून सर्वांना आहे. तरी पूर्ण विकेंद्रित, म्हणजे मोजक्यांच्या हाती नसलेलं, म्हणाल तर नाही. आर्बिट्रमची १२ जणांची सुरक्षा समिती आहे आणि तातडीच्या वेळी त्यातले ९ जण एकमताने नियम बदलू शकतात. हे आम्हाला खटकतं.

आता तुमच्यापुरतं. रात्री पेढ्यांची शटर पडून खाऊच्या गाड्या लागू लागतात, तेव्हा दिवसभराच्या सगळ्या दाखल्यांचा मिळून एकच ठसा आम्ही चढवतो. दिवसाला एक नोंद! त्यात पाव सेकंद काय नि दोन सेकंद काय.

मात्र ब्लॉकचेनवर असतो तो फक्त ठसा, दाखला नव्हे. दाखल्याची फाइल हरवली तर निव्वळ ठशावरून ती परत बनवता येत नाही. एक प्रत दुकानाच्या संगणकावर आणि एक घरी पेन ड्राइव्हवर ठेवा. गिऱ्हाइकालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो काढून नको, मूळ फाइलच पाठवा. फोटोचा ठसा जुळत नाही.