बर्लिनची झिंग-अकादमी: एका हौशी गायकवृंदाचा इतिहास

११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोनने अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (पॅशन म्हणजे ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यूची कथा सांगणारी मोठी गायनरचना) सादर केलं आणि विस्मरणात गेलेला बाख जगाला परत मिळाला, ही गोष्ट पाश्चात्त्य संगीताबद्दल थोडंफार वाचलेल्या कुणालाही ठाऊक असते. गोष्ट खोटी नाही, पण तिच्यातलं एक मोठं पात्र बहुतेक वेळा गाळलं जातं: झिंग-अकादमी हा हौशी गायकवृंद (जर्मनमध्ये ‘झिंग’चा संबंध गाण्याशी). त्या संध्याकाळी मंचावर दीडशेच्या आसपास गायक होते आणि त्यातला बहुतेक कुणीही पोटासाठी गाणारा नव्हता. दोन वृंदांनी एकमेकांना उत्तरं देत गायची इतकी अवघड रचना या मंडळींना झेपली कशी, हे समजून घ्यायचं तर जवळजवळ चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

कार्ल फ्रीडरिख ख्रिस्तियान फाश हा प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या दरबारातला हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं तंतुवाद्य) वाजवणारा. राजाला बासरीचा नाद, आणि साथीला आलटूनपालटून फाश आणि बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल. पुढे इटलीहून आलेली ओराझिओ बेनेव्होलीची सोळा स्वतंत्र आवाजांची एक मास (चर्चच्या प्रार्थनाविधीची गायनरचना) फाशच्या हाती पडली. त्याने ईर्ष्येने स्वतः तशीच एक मास लिहिली. पण ती दरबारी गायकांकडून मनासारखी उतरेना. मग त्याने शिष्य आणि ओळखीपाळखीची हौशी मंडळी गोळा केली, आणि त्यातून १७९१ मध्ये ही संस्था उभी राहिली. सुरुवातीच्या तालमी घरगुती दिवाणखान्यात होत. १७९३ पासून राजाच्या कला अकादमीत जागा मिळाली आणि तिथलंच नाव मंडळाला चिकटलं.

यातलं नवेपण आज सहज लक्षात येत नाही. प्रोटेस्टंट चर्चमध्ये वरच्या पट्टीचे स्वर तेव्हा मुलगे गात. इथे मध्यमवर्गीय घरांतल्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने गाऊ लागल्या, बर्लिनच्या सुशिक्षित ज्यू घराण्यांतलेही सभासद आले. सगळे वर्गणी भरून गाणारे. जाहीर कार्यक्रम क्वचित, खरा भर दर आठवड्याच्या तालमीवर. टाळ्यांची घाई नसल्यामुळे तेव्हाच्या चालू आवडीत न बसणारं जुनं संगीतही तिथे टिकू शकलं. १७९४ पासूनच बाखची मोटेट (वृंदासाठीच्या धार्मिक गायनरचना) तालमीत होती.

१८०० मध्ये फाश गेल्यावर सूत्रं कार्ल फ्रीडरिख त्सेल्टरकडे आली. हा गृहस्थ पेशाने गवंडी, तोही परवानाधारक उस्ताद, आणि शिवाय कवी गटेचा जिवलग मित्र. बोलणं फटकळ आणि शिस्त कडक. त्याने संस्थेला जोडून वाद्यवृंदाचा सराववर्ग सुरू केला, हस्तलिखितांचा संग्रह वाढवला. १८१० च्या दशकात बाखच्या बी मायनर मासची तालीमही त्याने घेतली, लोकांपुढे मांडण्याचा विचार नसताना. १८२० मध्ये अकरा वर्षांचा फेलिक्स आणि त्याची बहीण फॅनी या वृंदात दाखल झाली. पॅशनची प्रत फेलिक्सला आजीकडून मिळाली हे खरं, पण बाख कानात बसला तो इथल्या तालमींत. पॅशन जाहीरपणे करायची परवानगी मागायला तो आणि गायक-नट एदुआर्ड देव्हरियंत त्सेल्टरकडे गेले, तेव्हा म्हातारा आधी चांगलाच उखडला होता. पुढे विरघळला.

तोवर संस्थेची स्वतःची इमारतही उभी राहिली होती. १८२७ मध्ये पुऱ्या झालेल्या या सभागृहात त्याच हिवाळ्यात निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने विश्वाच्या रचनेवर व्याख्यानं दिली आणि श्रोत्यांत स्त्रियाही होत्या. पॅशनच्या वेळी राजा हजर, तत्त्वज्ञ हेगेल हजर, कवी हायने हजर. तिकिटं मिळाली नाहीत म्हणून शेकडो लोक परत गेले. मेंडेल्सझोनने मूळ रचनेतला बराच भाग कापला होता, ते आजच्या शुद्धतावाद्यांना खटकेल. २१ मार्चला, बाखच्या जन्मदिवशी, दुसरा प्रयोग झाला. तिसरा गुड फ्रायडेला, तो खुद्द त्सेल्टरने चालवला.

आणि तरीही १८३२ मध्ये त्सेल्टर वारल्यावर याच सभासदांनी मेंडेल्सझोनला नाकारलं. जानेवारी १८३३ मधल्या मतदानात कार्ल फ्रीडरिख रुंगेनहागेनला १४८ आणि मेंडेल्सझोनला ८८ मतं पडली. रुंगेनहागेन त्सेल्टरचा जुना सहायक, पन्नाशी ओलांडलेला, चाकोरी न मोडणारा. मेंडेल्सझोनचं वय आडवं आलं की त्याचं ज्यू कुळ, यावर अभ्यासक अजून भांडतात. माझ्या मते दोन्ही कारणं होती. शिवाय आपली घडी विस्कटू नये ही कुठल्याही जुन्या मंडळाला असणारी धास्ती. मेंडेल्सझोन कुटुंबाने संस्थाच सोडली आणि फेलिक्सची पुढची मोठी कामगिरी लाइपझिग शहराच्या पदरात पडली.

त्यानंतरची शंभर वर्षं भरभक्कम पण फारशी चमकदार नव्हेत. १८४८ च्या क्रांतीत प्रशियाची राष्ट्रीय सभा याच सभागृहात भरली. विसाव्या शतकात गेओर्ग शूमानने अर्धशतक वृंद सांभाळला. मात्र तोवर लाइपझिग, ड्रेस्डेन, फ्रँकफर्टपर्यंत अशाच हौशी संस्था निघाल्या होत्या, म्हणजे बर्लिनचा कित्ता सर्वत्र गिरवला गेला होता.

दुसऱ्या महायुद्धाने घडी पुरती मोडली. १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात इमारतीचं मोठं नुकसान झालं. हस्तलिखितं आधीच सायलेशिया या तेव्हाच्या जर्मन प्रांतातल्या एका गढीत हलवली होती. तिथून ती सोव्हिएत फौजेच्या हाती लागली आणि पुढची पन्नासेक वर्षं नाहीशीच झाली. १९९९ मध्ये बाखचे अभ्यासक क्रिस्टोफ वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती युक्रेनमधल्या कीवच्या सरकारी अभिलेखागारात सापडली. पाच हजारांहून अधिक संहिता! २००१ मध्ये त्या बर्लिनला परतल्या. कार्ल फिलिप इमान्युएलची बहुतेक सगळी पॅशन त्यात होती, आणि हरवलेला मानलेला इटालियन संगीतकार विवाल्डीचा ‘मोतेझुमा’ हा ऑपेराही, अपूर्ण अवस्थेत, त्यातूनच ओळखला गेला. फाश आणि त्सेल्टरने जमवलेल्या पोथ्यांमुळे अठराव्या शतकाच्या इतिहासातली कितीतरी पानं नव्याने लिहावी लागली.

इमारतीचं प्रकरण अधिक चिघळलं. शहराच्या फाळणीत ती पूर्वेकडे गेली आणि १९५२ पासून तिथे माक्सिम गॉर्की थिएटर आहे. संस्था पश्चिम बर्लिनमध्ये तगून राहिली, तर पूर्वेत १९६३ मध्ये ‘बर्लिनर झिंगअकादमी’ नावाचा वेगळा वृंद निघाला. नावं इतकी सारखी की कार्यक्रमपत्रिका वाचताना आजही गल्लत होते. एकीकरणानंतर मालकीचा दावा कोर्टात गेला. डिसेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने इमारत संस्थेचीच असल्याचा निकाल दिला, पण नाट्यगृह जागचं हललं नाही. २००६ पासून काई-उवे यिर्का प्रमुख आहेत. मोठ्या वृंदाबरोबर मुलींचा वृंदही चालतो, आणि कीवहून परत आलेल्या संहितांमधल्या रचना आता इथल्या कार्यक्रमांत गायल्या जातात.