पाण्याची नोटीस कानाने वाचताना

‘मंगळवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद.’ बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीत एवढ्या एका ओळीसाठी रंगीत पाटी बनते, कोपऱ्यात नळाचं चित्र लागतं आणि जेपीजी करून ती सगळ्या सभासदांना ईमेलने जाते. चौथ्या मजल्यावरच्या दृष्टिहीन सभासदाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, ती उघडून म्हणतो, ‘इमेज, नोटीस फायनल दोन.’ पाणी गेल्याचं त्याला कळतं ते मंगळवारी नळ सोडल्यावर.

संगणकावरचा मोफत एनव्हीडीए असो की अँड्रॉइडमधला टॉकबॅक, स्क्रीन रीडर वाचतो तो संदेशामागचा कोड, आणि तोही ओळीने. चित्राला ‘ऑल्ट’ मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचायचं वर्णन, दिलेला नसेल, तर पुष्कळदा फाइलचं नावच कानावर येतं. म्हणून नोटीस ईमेलमध्येच टाइप करायची, चित्र हवं तर शोभेला ठेवायचं. शोभेच्या चित्राचा ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे रीडर ते गुपचूप ओलांडतो. रिकामा ठेवणं आणि मुळात न देणं यांत फरक आहे. न दिल्यास पुन्हा फाइलचं नाव.

मराठीत नोटिशींचं चित्र का होतं, याला एक जुनं कारण आहे. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. समोरच्याकडे तो फाँट नसला की नुसता कचरा दिसतो, मग लोक वैतागून जेपीजी पाठवतात. स्क्रीन रीडरला मात्र फाँट असला तरी कचराच ऐकू येतो. उपाय एकच, युनिकोड, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठवणारी पद्धत.

पुढची गंमत तक्त्यांची. ईमेलची मांडणी अजूनही तक्त्यांवर करतात, कारण विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून संदेश वर्डच्या इंजिनाने दाखवतं आणि नव्या पद्धतीची मांडणी त्यात मोडते. समजा डाव्या रकान्यात पाण्याची सूचना आहे, उजव्यात लिफ्टची, आणि दोन्हींच्या वेळा खालच्या आडव्या ओळीत. डोळा डावा रकाना वरून खाली वाचतो, रीडर मात्र आडवा जातो: ‘पाणी बंद. लिफ्टची दुरुस्ती. मंगळवारी १० ते ४. शनिवारी दिवसभर.’ कुठली वेळ कशाची? कोडमध्ये तक्त्याला ‘रोल’ म्हणून ‘प्रेझेंटेशन’, म्हणजे ‘हा फक्त मांडणीपुरता’, दिलं, की ‘टेबल, दोन रकाने’ ही बडबड थांबते, पण क्रम सुधारत नाही. त्यासाठी एक सूचना पूर्ण एकाच चौकटीत हवी. देखभाल खर्चाचा खराखुरा तक्ता असेल, तर तिथे हा रोल लावू नये. उलट रकान्यांना शीर्षकं द्यावीत.

भाषाही सांगावी लागते. कोडमध्ये मजकुराची भाषा सांगणाऱ्या ‘लँग’मध्ये ‘एमआर’ (मराठी) नसेल, तर इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळतो किंवा ती चक्क गाळतो. हिंदी आवाज ‘विज्ञान’चं ‘विग्यान’ करतो. हा लँग आतल्या मजकुराच्या वेष्टनावर लावावा. अगदी बाहेरच्या टॅगवर लावलेला काही ईमेल सेवा काढून टाकतात.

रंगांचा हिशेब अधू दृष्टीच्या वाचकांसाठी. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ एवढा उठाव हवा, असं डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पांढऱ्यावर #९९९९९९ या कोडचा करडा जेमतेम २.८ भरतो, #७६७६७६ कसाबसा पास होतो. भडक लालसुद्धा ४ च्या आसपासच अडकतो, आणि थकबाकीदारांची नावं नेमकी त्यातच! रंगांधळ्यांसाठी तिथे ‘थकीत’ हा शब्द लिहिलाच पाहिजे. अक्षर १६ पिक्सेलच्या खाली नको. ओळींत दीडपट अंतर ठेवलं, तर रफार आणि उकार एकमेकांवर चढत नाहीत.

‘इथे क्लिक करा’ टाळा. एनव्हीडीएत इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की फक्त लिंकांची यादी येते. त्यात पाच वेळा ‘इथे क्लिक करा’ दिसून काय उपयोग? ‘जूनचं बिल भरा’ लिहा.

पाठवण्याआधी सगळा संदेश कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. चित्रं, रंग, रकाने गळून पडतात. उरलेल्या मजकुरातून पाणी कधी बंद आहे ते कळत नसेल, तर नोटीस अजून तयार झालेली नाही.