एक कप म्हणजे किती ग्रॅम? चाळणीमुळे झालेला घोळ

एक कप मैदा म्हणजे १२० ग्रॅम, १२५ की १४२? या तिन्ही आकड्यांचे तक्ते सर्रास वापरात आहेत आणि खापर फुटतं ते कपावर. कपाचा दोष तसा थोडाच.

कप देशोदेशी वेगळे आहेत, हे खरं. अमेरिकी कप म्हणजे तिथल्या गॅलनचा सोळावा भाग, २३६.६ मिली, तिथल्याच पाकिटांवरच्या पोषणतक्त्यात तो २४० होतो. ऑस्ट्रेलियात २५० मिलीचा कप आणि २० मिलीचा टेबलस्पून, इतरत्र बहुतेक ठिकाणी टेबलस्पून १५ मिलीचा. जपानी कप २०० मिली, आणि राइस कुकरसोबत येणारा १८०. पण कुठला कप हे कळलं की पुढचं काम गुणाकाराचं.

पाणी मापा किंवा तोला, हिशोब जुळतो, कारण मापं पाण्यावरच बेतली गेली. १७९५ मध्ये फ्रान्सने ग्रॅम ठरवला तो एक घन सेंटिमीटर पाण्यावरून. १८२४ मध्ये ब्रिटनने गॅलन ठरवला तो दहा पौंड पाणी मावेल असा. पिठाच्या कणांमध्ये मात्र हवा असते, आणि ती किती राहील हे भरणाऱ्याच्या हातावर. तरीही ‘८ औंसांचा कप’ वाचून आठ औंस मैदा तोलणारे भेटतात. तो औंस द्रवाचा, वजनाचा नव्हे.

जुन्या पाककृतींत ‘अंड्याएवढं लोणी’, ‘चहाचा कपभर’ असला कारभार होता. १८९६ मध्ये बॉस्टनच्या एका पाकशाळेच्या मुख्याध्यापिकेने आपल्या पुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला: जिन्नस चमच्याने कपात घाला, सुरीने शीग उतरवा, कप हलवू नका. त्याच पुस्तकात चार कप मैद्याचा एक पौंड धरला होता, म्हणजे कपाला सुमारे ११३ ग्रॅम. हा मैदा मापण्याआधी चाळलेला असे, आणि घोळाचं मूळ इथेच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकी पाकिटांवर ‘आधीच चाळलेला’ असं छापून येऊ लागलं. चाळणी मागे पडली, कप थेट डब्यात खुपसायची सवय रुळली. पाकीट हाताळताना मैदा पुन्हा दबतोच, त्याचा विचार कोणी केला नाही. चमच्याने हलकेच भरलेला कप तोलला तर १२०च्या आसपास भरतो. तोच डब्यात खुपसून, सुरीने सपाट करून काढला तर १४०. चार कपांच्या पावात हा फरक ८० ग्रॅमचा, आणि पाव दगडासारखा का झाला याचं उत्तर बहुधा त्यातच असतं.

त्यात भर स्वल्पविरामाची. ‘एक कप चाळलेला मैदा’ म्हणजे आधी चाळा, मग मापा. ‘एक कप मैदा, चाळून’ म्हणजे आधी मापा, मग चाळा. पाककृती एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरताना हा फरक सहज गळतो. मग ‘कप = ग्रॅम’ तक्ता करणाऱ्याला एक बाजू निवडावी लागते. १२० हा हलक्या हाताचा आकडा, १४२ हा खुपसून भरणाऱ्यांचा. दोन्ही बरोबर आहेत. माझ्या मते चूक आहे ती एका ठिकाणची पाककृती दुसऱ्याच्या तक्त्याने तोलण्यात.

डिजिटल काटे स्वस्त झाल्यावर कपांत लिहिणारेही कंसात ग्रॅम देऊ लागले. युरोपात तर तराजू कधी हटलाच नव्हता. मिठाचा गोंधळ मात्र राहिला: बारीक मीठ टेबलस्पूनला सुमारे १८ ग्रॅम भरतं, हलकं पापुद्र्याचं मीठ त्याच्या निम्मंच, आणि तक्त्यात दोघांसमोर शब्द एकच, ‘मीठ’. सोडा, यीस्ट यांना ग्रॅमवाल्या पाककृतींतही चमचाच चालतो. घरचा काटा एकेक ग्रॅमने पुढे सरकतो, आणि पाव चमचा सोडा जेमतेम ग्रॅमभरच असतो.