आंतरराष्ट्रीय सहसंशोधन अनुदान (ठाणे व नवी मुंबई परिसर)

आंतरराष्ट्रीय सहसंशोधन अनुदान : दोन किंवा अधिक देशांतील संशोधकांनी मिळून आखलेल्या प्रकल्पाला एका वा अनेक देशांच्या निधिसंस्थांकडून मिळणारे मुदतबंद अर्थसाहाय्य, तसेच ते मिळवण्याची अर्जप्रक्रिया. शिष्यवृत्त्या, परिषदांचा प्रवासखर्च आणि कंपन्यांनी सोपवलेली चाचणीकामे यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केलेला नाही.

ठाणे शहर आणि नवी मुंबई या पट्ट्यात भारतातील उच्चशिक्षण संस्थांचे बहुतेक प्रकार खाडीच्या दोन्ही तीरांवर सापडतात. ठाण्यात चेंदणी बंदराजवळ विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये व बाळकूम येथे मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. नेरुळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम ही अभिमत विद्यापीठे आहेत. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे, तर नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. विद्यापीठीय, विश्वस्त संस्थेचे, अभिमत, केंद्र सरकारी असे हे प्रकार. परदेशी निधीच्या बाबतीत संशोधकाचा विषय कोणता यापेक्षा त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघतो यावर अर्जाची वाट अधिक ठरते. त्यामुळे एकाच रेल्वेमार्गावर दोन-तीन स्थानकांच्या अंतराने काम करणाऱ्या दोन प्राध्यापकांना एकाच कॉलसाठी (निधिसंस्थेने काढलेल्या अर्जांच्या आवाहनासाठी) वेगवेगळी कागदपत्रे जमवावी लागतात.

इतिहास : भारतात या निधीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. सर्वांत मागे जाणारे मत कुलाबा वेधशाळेपाशी थांबते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी सुरू झाल्या. जर्मनीतील गटिंगेन येथून प्रेरणा घेऊन जगभर एकाच वेळी चुंबकीय निरीक्षणे घेण्याची जी मोहीम त्या सुमारास चालू होती, तिच्याशी या नोंदी जोडल्या जातात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे चुंबकमापनात व्यत्यय येणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. त्याच परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था घडली (स्वायत्त दर्जा १९७१). ती आज नवीन पनवेलला असल्याने या परिसरातील लेखकांना हे मत जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कुलाब्याचा खर्च कंपनी सरकार करत होते. दोन बाजूंनी अर्ज करणे, त्यांचे परीक्षण होणे आणि मंजुरी मिळणे ही साखळी तेथे दिसत नाही. निरीक्षणांची देवाणघेवाण आणि निधीतील भागीदारी या गोष्टी निराळ्या ठेवणे इष्ट.

दुसरे मत १९५० च्या दशकाकडे बोट दाखवते. १९५२ मध्ये पुण्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. तेच पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाले. जुन्या पिढीला आयात गव्हामुळे आठवणारा अमेरिकेचा १९५४ चा ‘पीएल-४८०’ हा कायदाही येथे महत्त्वाचा आहे. धान्यविक्रीतून भारतात साठलेल्या रुपयांपैकी काही भाग भारतीय संस्थांमधील संशोधनाकडे वळला. मात्र पैसा आणि अग्रक्रम ठरवण्याचा अधिकार यांत देणाऱ्या देशाचे पारडे जड राहिले.

दोन्ही देशांनी वाटा उचलायचा, दोन्हीकडच्या संशोधकांनी एकच प्रस्ताव मांडायचा आणि त्याचे परीक्षणही संयुक्त व्हायचे, ही कसोटी लावली तर १९८७ मध्ये स्थापन झालेले भारत-फ्रान्स प्रगत संशोधन केंद्र (सेफिप्रा) हाच आजच्या पद्धतीचा आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे भारत-अमेरिका विज्ञान व तंत्रज्ञान मंच (२०००), ब्रिटनसोबतचा ‘युकेरी’ (२००६) आणि न्यूटन-भाभा निधी (२०१४) याच वळणाने आले.

निधीचे मार्ग : द्विपक्षीय कार्यक्रमांत केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि परदेशातील समकक्ष खाते एकाच वेळी कॉल काढतात. भारतीय प्रमुख संशोधक (सर्रास ‘पीआय’) आणि परदेशी पीआय यांनी आपापल्या देशात तोच प्रस्ताव भरायचा असतो. एका बाजूचा अर्ज राहिला की दुसऱ्या बाजूचा उत्तम असूनही बाद होतो. प्रवासापुरत्या कार्यक्रमांत सामान्यतः पाठवणारा देश विमानभाडे देतो व बोलावणारा देश निवासभोजन पाहतो. भारतीय बाजूचा पैसा भारत सरकारचाच असल्याने लहान महाविद्यालयांना हा मार्ग सर्वांत सोयीचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिला अर्ज येथेच करावा.

भारत-जर्मन विज्ञान व तंत्रज्ञान केंद्राच्या ‘टू प्लस टू’ योजनेत दोन्ही देशांतून एकेक शैक्षणिक संस्था व एकेक कंपनी लागते. कंपनीने स्वतःचाही वाटा घालणे अपेक्षित असते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा दाराशी असताना या भागातील महाविद्यालयांनी या योजनेकडे अधिक लक्ष द्यायला हवे. परदेशी संस्थांसोबतच्या सहसंशोधनासाठी असलेल्या केंद्र सरकारच्या ‘स्पार्क’ योजनेत (२०१८, समन्वय आयआयटी खरगपूर) पात्रता संस्थेच्या क्रमवारी-मूल्यांकनाशी बांधलेली आहे.

युरोपीय संघाच्या आराखडा कार्यक्रमांबाबत, म्हणजे त्याच्या बहुवर्षीय संशोधननिधी योजनांबाबत, गैरसमज फार आहेत. सातव्या आराखड्यात (२००७–१३) भारतीय संस्थांना थेट निधी मिळू शकत असे. ‘होरायझन २०२०’ पासून (२०१४) भारताची ही आपोआप पात्रता गेली आणि ‘होरायझन युरोप’मध्येही (२०२१–२७) तीच स्थिती आहे. भारतीय संस्था प्रकल्पाच्या संशोधकसमूहात (‘कन्सॉर्शियम’मध्ये) भागीदार होऊ शकते, पण तिचा खर्च तिने स्वतः किंवा, काही निवडक कॉलपुरता, भारतीय खात्यांच्या सहनिधीतून भागवायचा असतो. मारी क्यूरी फेलोशिप मात्र राष्ट्रीयत्व पाहत नाहीत.

परदेशी योगदान नियमन : पैसा थेट परदेशातून येणार असेल तर परदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘एफसीआरए’, आड येतो. मूळ कायदा १९७६ चा. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली आणि २०२० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. केंद्र वा राज्याच्या अधिनियमाने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे लेखापरीक्षण भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून होणे बंधनकारक आहे अशा संस्थांना अधिसूचनेने सूट आहे. या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि घोटाळा नेमका येथे होतो. ‘आमचे विद्यापीठ कायद्याने झाले आहे’ एवढ्यावर राज्य विद्यापीठाने सूट गृहीत धरू नये. आपल्या अधिनियमातील लेखापरीक्षणाचे कलम उघडून पाहावे. अभिमत विद्यापीठे विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायद्याच्या कलम ३ खालील घोषणेने तो दर्जा मिळवतात. त्यांच्यामागे न्यास, संस्था किंवा कंपनी असते, म्हणून सर्वसाधारणपणे त्यांना नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील संस्थांच्या महाविद्यालयांचेही तेच.

नोंदणीकृत संस्थेला परदेशी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील (संसद मार्ग) ठरावीक खात्यातच स्वीकारता येते. तेथून ती ठाण्यातल्या वा वाशीतल्या बँकेतील वापराच्या खात्यात आणता येते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी ५० टक्के होती, ती २० टक्क्यांवर आली. संशोधन हेच मुख्य काम असलेल्या संस्थेत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्या व तिचे विश्लेषण करणाऱ्यांचे वेतन प्रशासकीय खर्चातून वगळण्याची मुभा नियमांत आहे. अंदाजपत्रक मांडताना ही तरतूद अनेकांच्या नजरेतून सुटते.

संशोधकांना सर्वाधिक जाच होतो तो कलम ७ चा. मिळालेले परदेशी योगदान २०२० च्या दुरुस्तीपासून दुसऱ्या कोणालाही हस्तांतरित करता येत नाही. परदेशातील प्रचलित रीत अशी, की मुख्य संस्थेने सगळी रक्कम घ्यावी आणि भागीदारांना उपअनुदान द्यावे. ठाण्यातील महाविद्यालयाने अशी रक्कम घेऊन पनवेलच्या सहकाऱ्याला वाटा पाठवणे या तरतुदीत बसत नाही. प्रत्येक भारतीय भागीदाराला परदेशातून स्वतंत्र करार व स्वतंत्र रक्कम मिळेल अशी रचना प्रस्ताव लिहितानाच करावी लागते. मंजुरीनंतर हे ध्यानात आले तर चांगली जमलेली भागीदारीही मोडते, आणि अशा वेळी बहुधा लहान संस्थाच बाहेर पडते, ही दुःखाची गोष्ट आहे.

रकमेला ‘अनुदान’ न म्हणता ‘सेवाशुल्क’ म्हटले तर कायदा लागू होत नाही, असे एक मत ऐकू येते. व्यवसायाच्या ओघात दिलेल्या वस्तू वा सेवांचे शुल्क योगदान धरले जात नाही, हे खरे. पण ज्या करारात खर्चाची शीर्षके ठरलेली आहेत, शिल्लक परत करायची आहे आणि निष्कर्ष खुले प्रसिद्ध करायचे आहेत, त्याला सेवाशुल्क म्हणणे टिकेल असे वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संघटना व जागतिक बँक यांना मात्र कायद्यानेच ‘परदेशी स्रोत’ या व्याख्येतून वगळले आहे.

जैविक नमुने व ठाणे खाडी : ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. परदेशी सहकाऱ्यांना या भागात जे सर्वाधिक खुणावते ते खाडीचेच काम : तिवरे, गाळ, स्थलांतरित पक्षी, शहरी सांडपाण्यात तगून राहणारे सूक्ष्मजीव.

ओहोटीच्या वेळी तिवरांच्या कडेने गुडघाभर चिखलात उतरून नळीने काढलेला हातभर गाळ हा मातीचा नमुना वाटतो. कायद्याच्या दृष्टीने त्यातील जिवाणू हा जैविक संसाधनाचा भाग ठरतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३ प्रमाणे परदेशी व्यक्ती वा संस्थेला तो संशोधनासाठी मिळवायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. कलम ५ सहसंशोधन प्रकल्पांना यातून सूट देते, पण प्रकल्प केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांशी (२००६) जुळणारा व केंद्र सरकारने मान्य केलेला हवा. दोन प्राध्यापकांनी आपसांत सही केलेला सामंजस्य करार म्हणजे ही मान्यता नव्हे. अभयारण्याच्या हद्दीत मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. नवी जाती सापडली तर तिचा नमुना निर्देशित भांडारात ठेवणेही बंधनकारक आहे. हे सर्व काटेकोर वाटले तरी खाडीचा गाळ परदेशी शीतकपाटात आणि लेखावर येथील संशोधकाचे नाव आभारांच्या ओळीत, हा अनुभव भारतीय जीवशास्त्राला नवा नाही. त्यामुळे या कलमांना अडथळा न मानता भागीदारीच्या वाटाघाटीतील आपली बाजू मानावी.

वैद्यकीय प्रकल्प : खारघर, कामोठे, नेरुळ येथील रुग्णाधारित प्रकल्पांना संस्थेच्या नीतिसमितीच्या मान्यतेबरोबरच आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची (एचएमएससी) मंजुरी लागते. तिचे सचिवालय आयसीएमआरकडे आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतितत्त्वांत आंतरराष्ट्रीय सहकार्याचा स्वतंत्र विचार आहे.

अर्ज भरताना : संस्थेची नोंदणी ही वेळखाऊ पायरी आहे आणि ती कॉल निघण्यापूर्वीच करून ठेवावी. युरोपीय संकेतस्थळावर संस्थेला नऊ अंकी सहभागी क्रमांक लागतो. अमेरिकी संघराज्य निधीसाठी एप्रिल २०२२ पासून ‘डन्स’ या जुन्या ओळखक्रमांकाऐवजी बारा अक्षरांकांचा ‘यूईआय’ हा संस्थेचा ओळखक्रमांक लागतो. या भागात नावपत्त्याची विसंगती हा हमखास आक्षेप असतो. जुन्या विश्वस्तपत्रात ‘ठाणा’, पॅनवर ‘ठाणे’. एका कागदावर ‘न्यू बॉम्बे’, दुसऱ्यावर ‘नवी मुंबई’. शिवाय ठाणे-बेलापूर पट्टा ठाणे जिल्ह्यात, तर खारघर व कामोठे रायगडात, त्यामुळे ‘नवी मुंबई’ लिहून जिल्हा ठाणे भरणारे चुकतात. तपासनीस परदेशी असतो. त्याच्या लेखी या दोन वेगळ्या संस्था ठरतात.

ब्रुसेल्सची, म्हणजे युरोपीय संघाच्या अर्जांची, मुदत बहुधा स्थानिक सायंकाळी पाचची असते. भारतात ती उन्हाळ्यात रात्री साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. कार्यालय मात्र साडेपाचला बंद होते. प्राचार्यांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक असलेले संमतिपत्र आदल्या दिवशी हातात नसेल तर उरलेले तीन-चार तास कामाचे नसतात.

अप्रत्यक्ष खर्चाचे (‘ओव्हरहेड’) दर निधिसंस्थेप्रमाणे बदलतात. होरायझन युरोपमध्ये तो पात्र थेट खर्चाच्या सरसकट २५ टक्के आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी परदेशी संस्थांसाठी दीर्घकाळ ८ टक्के ठेवला. एफसीआरएची २० टक्क्यांची मर्यादा या दरांशी ताडूनच आकडे मांडावेत.

भारतीय बाजूच्या निधीचा हिशेब सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील उपयोगिता प्रमाणपत्राने (‘यूसी’) द्यावा लागतो. ते प्रमाणपत्र थकले की पुढचा हप्ता थांबतो आणि त्या वर्षी नेमलेल्या संशोधन सहायकाचे वेतनही त्यासोबत अडकते.