समुद्राकाठच्या थाळीपर्यंतचा रस्ता : विदर्भातल्या दोस्तमंडळींच्या कोकणवारीची पार्श्वभूमी

तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी आटोपली की वर्धा, यवतमाळ, अमरावती, वाशीमकडच्या गावांत कोकणचे बेत शिजू लागतात. सात-आठ जण, एक भाड्याची गाडी, प्रत्येकाची कॉन्ट्री, आणि मालवण, तारकर्ली, गुहागर नाहीतर दापोली-हर्णै. समुद्र पाहणं हे निमित्त असतं; खरा बेत समुद्राकाठी बसून पोटभर मासे खाण्याचा असतो. परतल्यावरही किल्ल्याच्या गोष्टी थोड्या आणि कुठल्या खानावळीत सुरमई कशी मिळाली याच्याच जास्त. याला अलीकडचं फॅड म्हणून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. पण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी जुळून आल्या तेव्हा हा प्रघात उभा राहिला, आणि त्यांतली रस्त्याची गोष्ट अजून संपलेली नाही.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात एवढंच, की विदर्भाचा आणि अरबी समुद्राचा रोजचा संबंध नव्हता. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रांतात, नंतरच्या मध्य प्रदेशात होता. मग द्वैभाषिक मुंबई राज्य आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. समुद्र गावात यायचा तो आठवडी बाजारातून, सुकट आणि वाळक्या बोंबलांच्या रूपानं. ताजा मासा म्हणजे गोड्या पाण्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातले) तलाव होते आणि धिवरांनी धरलेली मरळ, वाम, झिंगे होते. पुढे रोहू-कतला आले. पश्चिमेकडे नदीच्या डोहात मिळेल ते. त्यामुळे झाडीपट्टीतला, म्हणजे या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतला माणूस समुद्राच्या माशाला लवकर सरावला आणि वऱ्हाडातल्याला वेळ लागला.

बाहेर जाऊन मिळून जेवणं मात्र इथं नवं नाही. कार्तिकातलं आवळी भोजन, देवस्थानी नवसाचे रोडगे आणि वांग्याची भाजी, थंडीतला हुरडा, या सगळ्यांत घर सोडून झाडाखाली चूल मांडायची आणि चारचौघांनी एकत्र बसायचं हे ठरलेलं. सिंचनाची धरणं झाली तशी ही चूल धरणाच्या काठावर गेली. मोर्शीजवळचं अप्पर वर्धा, सेलूकडचं बोर, रामटेकजवळची खिंडसी ही तरुण मंडळींच्या पार्टीची ठिकाणं झाली. पाण्याच्या काठी बसून दोस्तांबरोबर जेवण्याची ओढ अशी धरणांवरच लागली. कोण मटण आणणार, कोण कांदे चिरणार, पैसे कोण गोळा करणार ही वाटणीही तिथलीच, आणि आज कोकणात जाणारा गट तीच वाटणी सोबत नेतो.

स्वतः न शिजवता पैसे देऊन जेवणं ग्रामीण भागात रुजवलं ते ढाब्यांनी. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकर वस्त्यांतलं सावजी जेवण शहराबाहेर पडून तालुक्याच्या गावांत आणि महामार्गांवर पोचलं. जुना सहा नंबरचा आणि सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग (आताचे ५३ आणि ४४) यांच्या कडेला खाटा, तर्रीचं मटण, ज्वारीची भाकरी अशी ठिकाणं उभी राहिली. बाहेर जेवायला जाण्याचा इथला अर्थ बराच काळ ‘हायवेवर जाणं’ एवढाच होता.

या टप्प्यात दारूबंदीचा भाग टाळून चालणार नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. चंद्रपूरच्या बंदीमागे चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेलेल्या बायांचा मोर्चा होता, हे विसरून फक्त हॉटेलांच्या नुकसानीचा हिशोब मांडणं अन्यायाचं आहे. त्या बायांना रात्रीचं घर सुरक्षित हवं होतं. पण बंदीचा एक परिणाम असा झाला की या जिल्ह्यांतले गट जेवायला हद्दीबाहेर जाऊ लागले. आज हद्दीबाहेर, उद्या दूर, अशी सवय पडत गेली. गोव्याची वाट अनेक गटांना कोकणच्या आधी सापडली ती यामुळेही. डिसेंबर २०१६ च्या न्यायालयीन निकालानं १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगत पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री थांबली, लहान वस्त्यांसाठी ते अंतर दोनशे वीस मीटर झालं. पुढे या निकालाला सवलती मिळत गेल्या, तरी काही बंद झालेले ढाबे पुन्हा उघडलेच नाहीत.

तिकडे कोकणात याच सुमाराला दुसरी तयारी चालली होती. १९९७ मध्ये सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं गेलं आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. किनाऱ्यावरच्या घरांनी पडवीत चार टेबलं टाकली, वर दोन खोल्या काढल्या. सकाळी सांगून ठेवायचं, दुपारी थाळी तयार : तळलेला मासा, आमटी, कोळंबी नाहीतर तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, भात, तांदळाची भाकरी किंवा वडे, आणि सोलकढी. घरची बाई रांधते आणि घरचाच मुलगा वाढतो. या खानावळी मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या जिवावर उभ्या राहिल्या. विदर्भातला पाहुणा त्यांच्याकडे उशिरा पोचला.

तो उशिरा पोचला कारण वाटच नव्हती. शेगाव किंवा बडनेऱ्याहून गाडी धरून कल्याण, तिथून पनवेल, मग कोकण रेल्वेचं मिळालं तर आरक्षण. चार दिवसांच्या सुटीतले दोन दिवस वाटेतच जायचे. नागपूर–मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी आली तेव्हा वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, अकोला, शेगाव अशा स्थानकांवरून थेट चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीला उतरता येऊ लागलं. ही गाडी विशेष गाडी म्हणून सुरू झाली आणि मुदतवाढ घेत घेत चालत राहिली. विशेष गाडी म्हटली की भाडं जास्त आणि पुढच्या हंगामाची खात्री नाही. एवढ्या मागणीच्या गाडीला कायमची करायला इतका काळ लागावा, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही.

मुख्य बदल रस्त्यानं केला, आणि वादही रस्त्यावरूनच आहे.

दक्षिण कोकणात उतरायला विदर्भातून एक सरळ रस्ता आहे, नागपूर–रत्नागिरी महामार्ग. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि मग घाट. चौपदरीकरणाचे तुकडे जोडले जात गेले तसा यवतमाळ-उमरखेडकडच्या गटांनी हा रस्ता आपलासा केला. याला कुंपण नाही. लातुरात चहा, सोलापूरच्या अलीकडे शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, कोल्हापुरात तांबडा-पांढरा असं खात खात माणूस समुद्रापर्यंत जातो. वाटेतलं जेवण बदलतं तसं आपण कुठवर आलो ते कळतं. दोस्तांच्या प्रवासात वाटेतल्या बैठकींना मुक्कामाइतकीच किंमत असते, म्हणून मी हा रस्ता अजूनही सरस मानतो, वेळ जास्त लागतो तरी.

दुसरा रस्ता समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, मग टप्प्याटप्प्यानं इगतपुरी, आणि ५ जून २०२५ ला ठाण्याजवळच्या आमण्यापर्यंत तो पूर्ण झाला. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता उत्तर कोकणातल्या अलिबाग, मुरूडला आणि त्याखालच्या दापोलीला एका दिवसाच्या टप्प्यात आणतो. संध्याकाळी कारंज्याहून निघालेला गट सकाळी समुद्र पाहतो. हे आधी शक्यच नव्हतं.

पण हा रस्ता बंदिस्त आहे. दोन्ही बाजूंनी कुंपण, ठरावीक ठिकाणीच चढउतार, दुचाकीला मज्जाव. कडेला ढाबा काढायला परवानगी नाही. खाण्यापिण्याच्या सोयी आखून दिलेल्या जागांवरच व्हायच्या असं ठरलं. रस्ता सुरू झाला तेव्हा मात्र पेट्रोल पंप सोडले तर लांबच लांब टप्प्यात बसून जेवता येईल असं काही नव्हतं. स्वच्छतागृहांचीही तीच गत. शेकडो किलोमीटर गाडी हाकायची आणि चहाला जागा नाही, ही तक्रार पहिल्या महिन्यापासून होती. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून २५ माणसं गेली. त्या अपघाताची कारणं हा तपासाचा विषय. पण चालकाला थांबायला, खायला, तोंडावर पाणी मारायला जागा हवी हा मुद्दा त्यानंतर दाबता आला नाही.

बंदिस्त रस्त्याची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. ताशी १२० च्या वेगाच्या रस्त्यावर ढाब्यासमोर आडवा उभा केलेला ट्रक म्हणजे मरण. जुन्या महामार्गांवर असे अपघात प्रत्येक तालुक्यानं पाहिलेत. गुरं, ट्रॅक्टर, रस्ता ओलांडणारी माणसं यांना कुंपणाबाहेर ठेवणं गरजेचंच होतं. ज्यांना जेवायचं आहे त्यांनी मेहकरला किंवा कारंज्याला उतरावं, टोल कापलेल्या अंतरावरच आहे, असंही सांगितलं जातं.

एवढं मान्य करूनही निर्णयातली मोठी त्रुटी तशीच उरते. कुंपण हा सुरक्षिततेचा निर्णय होता; कुंपणाच्या आत कोण अन्न विकणार हा पोटापाण्याचा निर्णय होता, आणि तो स्वतंत्रपणे घेताच आला असता. सोयींच्या जागा मोठ्या, त्यांची बोली निविदेनं, रकमा मोठ्या. ज्या गावांची जमीन रस्त्याखाली गेली, तिथल्या बचत गटाला किंवा जुन्या महामार्गावरच्या ढाबेवाल्याला त्या बोलीत उभं राहणं जमणारं नाही. प्रत्येक सोयीच्या जागेत भाकरी-झुणक्याचे चार गाळे आजूबाजूच्या गावांसाठी राखून ठेवले असते तर वेगाला काही धक्का बसत नव्हता. ढाबा एकट्या मालकाचा नसतो. दूध, गावरान कोंबडी, वांगी, ज्वारीचं पीठ शेजारच्या गावातून येतं, भाकरी थापणाऱ्या बाया तिथल्याच असतात, पंक्चरवाला असतो, पानटपरी असते. जुन्या रस्त्यावर मेहकर-सुलतानपूर पट्ट्यातून जाणारा गट पैसे तिथं सोडून जायचा. आता तोच गट वरून निघून जातो आणि ते पैसे थेट किनाऱ्यावर उतरतात.

याचा एक परिणाम कोणी योजलेला नव्हता : शिदोरी परत आली. समृद्धीनं जाणारे गट आता घरून पोळ्या, झुणका, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतात. बायांच्या भिशीचे आणि शिक्षिकांचे गट अलीकडे मोठ्या संख्येनं निघू लागलेत, त्यांच्या डब्यांपुढे तर वाटेतलं कुठलंच हॉटेल टिकत नाही. या गटांमुळे कोकणवारीचा बाजही बदलला. आधी ही फक्त पुरुषांची पार्टी होती. चार बायकांनी नवऱ्याशिवाय परगावच्या खानावळीत बसून निवांत जेवणं ही ग्रामीण भागासाठी साधी गोष्ट नाही, आणि किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळींत रांधणारी बाईच समोर असल्यानं ते सोपं झालं.

हंगामाचं गणितही नीट जुळलेलं आहे. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा इथं पेरणी, डवरणी, निंदण. कोणालाच सवड नाही. नंतर श्रावण, गणपती, मग सोयाबीनची काढणी आणि कापूस. हात मोकळा होतो तो जानेवारीच्या अखेरीस, आणि त्या वेळी समुद्र शांत, मासळी चांगली. ज्या वर्षी कापसाला भाव पडतो त्या वर्षी मात्र आधी हाच बेत रद्द होतो. कोकणातल्या खानावळवाल्यांना याची जाणीव नसावी, पण वऱ्हाडातल्या बाजार समितीतला दर त्यांच्या टेबलापर्यंत पोचतो.

चवीचा मेळ बसायला मात्र वेळ लागला. तर्रीवर वाढलेल्या जिभेला ओल्या नारळाचं वाटण सुरुवातीला गोड वाटतं. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ ओळखीचं नसतं. काटे काढत खाणं तर सावकाशीचं काम. गटात एखादा माळकरी असतोच, त्याची पंचाईत पूर्वी व्हायची. आता काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, सोलकढी असं त्याचं वेगळं ताट आधी सांगून ठेवतात आणि तो सगळ्यांबरोबर पंगतीला बसतो. काही खानावळी विदर्भाची गाडी दिसली की ठेचा आधी आणून ठेवतात.

पुढचा वाद पवनारहून निघतो. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंतचा शक्तिपीठ महामार्ग ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा म्हणून आखला गेला. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी बागायती जमिनीवरून जोरदार विरोध केला. नागपूर–रत्नागिरी महामार्ग जवळपास त्याच दिशेनं जात असताना दुसरा कशाला, हा त्यांचा प्रश्न आहे. २४ जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली, तरी विरोध आणि आखणीतल्या बदलांची चर्चा थांबली नाही. वर्धा-यवतमाळकडच्या दोस्तमंडळींना या रस्त्याचं आकर्षण आहे, कारण तो तारकर्लीच्या दारात नेतो. पण हाही बंदिस्तच असणार आहे. जमीन देणाऱ्या गावांनी मोबदल्याबरोबरच सोयींच्या जागांमधले गाळे आत्ताच, आखणी कागदावर असतानाच, लेखी मागून घ्यायला हवेत. कुंपण उभं राहिल्यावर त्या मागणीचं काय होतं ते मेहकरकडच्या ढाबेवाल्यांना विचारावं.